तिसऱ्या ताटाचा दशांश

पिल्लू जिवंत होतं, आणि खरं सांगायचं तर ते जिवंत असायला नको होतं.

सुगंधा बेठेकरनं ते मोहाच्या ढोलीतून अलगद काढलं, कापडी पिशवीत घालून काट्याला टांगलं आणि आकडा थांबायची वाट पाहिली. रानपिंगळ्याचं पिल्लू ते. राखाडी लव, पिवळे डोळे, आणि मुठीएवढा जीव असून नजर अशी की सुगंधाच त्याच्या घरात न विचारता शिरली होती. गेल्या खेपेपेक्षा ते चांगलंच भरलं होतं. तिनं पुन्हा वजन केलं. तेच आलं. मग ती तिथंच गवतात बसली आणि आनंदानं रडली. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं कपाळाला हात लावला. शास्त्रज्ञ लोकांचं हे असंच असतं, देवानं हातावर पेढा ठेवला तरी आधी विचारतील की दूध कुठलं.

यानाचं नाव ‘गाविलगड’. मंगळाच्या वाटेवर निघून त्याला वर्ष उलटलं होतं, आणि पोचायला अजून एक पावसाळा जाईल एवढा वेळ होता. पावसाळा म्हणजे आपला बोलण्यातला. तिथं कुठला पाऊस. यानात माणसं तीन आणि रान पाच एकर. मेळघाटातलं गवत, साग, मोह, नाकतोडे, रातकिडे, सापसुरळ्या आणि त्या सगळ्यांच्या वर बसलेली रानपिंगळ्यांची एक जोडी. पृथ्वीवर हा पक्षी संपला होता. शेवटची जोडी पिंजऱ्यात राहिली तेव्हा ती कुठं न्यायची यावर मोठा वाद झाला आणि मंगळावरच्या नव्या अरण्यघुमटात न्यायचं ठरलं, कारण दुसरीकडे कुठंच इतकं रान सलग उरलं नव्हतं.

ही जोडी वाचवण्यात जिचा जन्म गेला ती बाई यानातच होती. डॉ. मंदाकिनी काळमेघ. मूळच्या परतवाड्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या, सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या पक्षितज्ज्ञ. पण यानात त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे. त्या मंदाताई. स्वयंपाक त्यांनी आपण होऊन अंगावर घेतला होता आणि खतकुंडीही. बाकी दोघं म्हणजे सुगंधा, जी रान सांभाळायची, आणि प्रल्हाद ढोले. प्रल्हाद अकोल्याचा अभियंता, हवा, पाणी, उजेड आणि यान चालवणं हे सगळं त्याच्याकडे.

पिल्लू ढोलीत परत ठेवून सुगंधा सरळ प्रल्हादच्या टेबलाशी गेली.

“उजेड वाढवलास का तू रानाचा?”

“कुठून वाढवू? फाटलेला आरसा काय मी शिवून आणला?”

ते खरं होतं. यानाच्या बाहेर उन्हं गोळा करणारा अवाढव्य आरसेपाल पसरलेला होता. काही महिन्यांपूर्वी वाळूएवढ्या खड्यांचा मारा त्यातून आरपार गेला आणि पाचवा हिस्सा उजेड कायमचा गेला. उरलेल्यातला उजेड आधी शेतकक्षाला दिला, कारण ज्वारी आणि तूर पिकली नसती तर माणसंच उपाशी मेली असती. तरीही प्रत्येकाचा घास कमी करावा लागला. आणखी कमी केला तर हातपाय चालणार नाहीत, इथवर. खालचं उरलंसुरलं ऊन रानाच्या वाट्याला आलं.

“मग हे पिल्लू कशावर वाढतंय?” सुगंधानं विचारलं.

प्रल्हाद यंत्रांचा माणूस. त्याला यात एवढं काय बिघडलं ते कळेना. “वाढतंय तर वाढू दे की. तुझ्या पोटात का दुखतंय?”

“अरे, तू तारेतून वीज पाठवतोस तेव्हा थोडी वाटेत गळते ना? रानात थोडी नाही, जवळजवळ सगळीच गळते. गवतानं उन्हातून हजार भाग कमावले समज. नाकतोडा ते गवत खातो, पण त्यातलं बहुतेक उड्या मारण्यात, श्वासात, जगण्यातच खर्च होतं. त्याच्या अंगावर मांस म्हणून शंभरच चढतं. तो सापसुरळीनं खाल्ला की तिच्या अंगात दहा. आणि पिंगळ्याच्या चोचीत सापसुरळी गेली की त्याच्या अंगी लागतो एक.”

“हजारातला एक?”

“ढोबळ हिशोबानं. दर पायरीला दहातला एक वर चढतो. हाच दशांश नियम. म्हणून खाली उजेड जरा कमी झाला की वरच्याच्या घशाला आधी कोरड पडते. मी दहा वेळा हिशोब मांडला होता. या उजेडात हे रान नर आणि मादी कसेबसे पोसेल. पिल्लू एकही नाही.”

“मग तुझा हिशोब चुकला.”

“चुकला असेल,” सुगंधा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. आपली चूक निघाली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस प्रल्हादनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिला तसं वाटावं याला कारण होतं. ढोलीत दोन अंडी होती. आरसेपाल फाटल्यावर ती अंडी काढून घ्यावीत असं सुगंधानंच सुचवलं होतं. उपाशी मरायला जीव कशाला जन्माला घालायचा, असं तिचं म्हणणं. मंदाताई तेव्हा फक्त म्हणाल्या होत्या, “राहू दे वं एक. पाहू काय होते ते.” म्हणून एक अंडं ढोलीत राहिलं आणि दुसरं सुगंधानं थंड पेटीत ठेवलं, वाढ थांबवून. ते उबेला ठेवायचं की कायमचं सोडून द्यायचं, याचा निर्णय आता घ्यायचा होता. पेटीत ते फार दिवस टिकणार नव्हतं.

सुगंधा धावत स्वयंपाकघरात गेली. मंदाताई परातीत पीठ मळत होत्या.

“ताई, पिल्लू भरलंय. चांगलं भरलंय. माझा हिशोब चुकला, रान मी समजत होते त्यापेक्षा जास्त देतंय. दुसरं अंडंही ठेवू या ना ढोलीत?”

मंदाताईंचे हात परातीत थांबले. त्या पिठाकडे पाहत राहिल्या, थोडा वेळच.

“तुले ठेवावं वाटते?”

“हो ताई. एकटं पिल्लू मंगळावर जाऊन काय करेल? दोन असली तर पुढं वंश चालेल. तुम्हीच म्हणायच्या ना, एक म्हणजे शून्यच.”

“म्हनलं होतं खरं,” मंदाताई म्हणाल्या. मग मान हलवून म्हणाल्या, “बरं.” आणि पुन्हा मळायला लागल्या.

दुसरं अंडं ढोलीत गेलं. यथावकाश फुटलं. आणि बघा, तेही पिल्लू वाढायला लागलं. सुगंधानं पृथ्वीला लांबलचक संदेश धाडला की मेळघाटचं गवत कमी उजेडातही अपेक्षेपेक्षा जास्त पिकतं, दशांश नियमाला इथं अपवाद दिसतो. तिकडून अभिनंदनं आली. ती रोज ढोलीखाली बसून त्या दोन पिवळ्या नजरांशी गप्पा मारायची आणि प्रल्हाद तिला चिडवायचा की माहेरची माणसं भेटल्यासारखं काय बोलत बसतेस.

त्याच दिवसांत मंदाताई वाळत चालल्या होत्या. ते दिसत नव्हतं असं नाही. पण तिघंही थोडे वाळलेच होते, घासच कमी झाला होता. त्यातून ताईंचं वय. त्यांना थंडी वाजायची, म्हणून सैल स्वेटर आणि वर शाल असायची. विचारलं तर म्हणायच्या, “म्हातारपण आहे बाप्पा, त्याले काय औषध आहे?” प्रल्हादनं एकदा म्हटलं, “ताई, बसा ना आमच्यासोबत जेवायला.” त्यावर उत्तर ठरलेलं. “तुम्ही जेवून घ्या गरम गरम. मी जेवतो मागून.” वऱ्हाडात बाया असंच बोलतात, जेवतो, जातो, करतो.

आणि दोघं जेवून घ्यायचे. यात त्यांना काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं. प्रल्हादची आई मागून जेवायची, आजी मागून जेवायची. सुगंधाच्या धारणीच्या घरीही आई चुलीपाशी बसून सगळ्यांना वाढायची आणि सगळे उठले की मग टोपलीत काय उरलंय ते पाहायची. वाढणारी बाई मागून जेवते हे दोघांनी कळायच्या आधीपासून पाहिलेलं. दुसऱ्या कुठल्या देशाच्या यानात असं चाललं नसतं. तिथं तिसरं माणूस रोज ताटावरून गायब आहे म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी कारण विचारलं असतं. इथं दोन चांगली शिकलेली माणसं रोज जेवून, ताट धुऊन, आपापल्या कामाला जात होती.

उलगडा झाला तो सुगंधाच्या आनंदातूनच. दशांश नियमाला अपवाद सापडला म्हणते तर पुरावा दाखव, असं पृथ्वीवरच्या तज्ज्ञांनी कळवलं. रानात जास्त गवत पिकत असेल तर रानाच्या हवेत तसं दिसायला हवं. ती प्रल्हादकडे श्वासमापकांचे आकडे मागायला आली. प्रत्येक कक्षात श्वासातून किती कर्बवायू सुटतो आणि हिरवाई त्यातला किती शोषते ते हे मापक सांगायचे.

प्रल्हादनं आकडे पडद्यावर आणले. सुगंधानं ते ओळीनं वाचले.

“गवत वाढलेलंच नाही,” ती म्हणाली. “गवताचा आकडा माझ्या हिशोबाइतकाच आहे, तसूभर जास्त नाही. पण रानात श्वास मात्र जास्त घेतला जातोय. कुणीतरी जास्त खातंय तिथं, आणि ते गवत नाही खात.”

“मग काय खातंय?”

“तेच कळत नाही. बंद यान आहे. बाहेरून दाणा येत नाही. इथं जास्त झालं तर दुसरीकडे कुठंतरी कमी व्हायलाच हवं. आपल्या राहण्याच्या कक्षांचा, वस्तीकडचा आकडा दाखव.”

 प्रल्हाद म्हणाला, “वस्तीकडचा मापक जरा बिघडलाय. कमी दाखवत होता. मी दोनदा जुळवून घेतला तो.”

“कमी म्हणजे?”

“म्हणजे तीन माणसांचा श्वास असायला हवा तेवढा नव्हता. आधी अडीच माणसांचा वाटावा असा, नंतर त्याहून कमी. माणसं तर तीनच आहेत, म्हणून मला वाटलं यंत्रच...”

त्याचं वाक्य तिथंच राहिलं. कोठारातली ज्वारी रोज तिघांच्या मापानं निघत होती. ती कुठंतरी खाल्ली जात होती, जळत होती, हवेत जात होती. फक्त वस्तीत नाही.

“प्रल्हाद,” सुगंधा हळू म्हणाली, “ताईंना जेवताना तू शेवटचं कधी पाहिलंस?”

तो आठवायला लागला. आठवत राहिला. त्याला निघाल्या वर्षातला एक सण आठवला, पुरणाचा. त्यानंतरचं काही आठवेना.

मंदाताई रानाच्या कडेला, खतकुंडीच्या मागं सापडल्या. तिथं जाळीचे मोठे डबे होते, ओळीनं मांडलेले, आणि त्यांत रातकिडे बुजबुजत होते. ताई मांडी घालून बसल्या होत्या आणि भाकरी कुस्करून एकेका डब्यात टाकत होत्या. शाल खांद्यावरून घसरली होती. सुगंधाला त्यांचं उघडं मनगट दिसलं. कोवळ्या पोराचं असावं तसं मनगट होतं ते.

“आले का?” मंदाताई म्हणाल्या. आपण पकडल्या गेलो याचं त्यांना काही वाटलं नाही. “मले वाटलंच होतं, तू हुशार आहेस, आज ना उद्या येशीन.”

“ताई, हे काय केलंत?”

“पायरी गाळली,” त्या म्हणाल्या, आणि आवाजात थोडी शिक्षिका आली. “सापसुरळीची पायरी मधून काढली. भाकरी रातकिड्याले, अन रातकिडे नेऊन ढोलीखाली सोडतो, सरळ पिंगळ्याले. दहातला एक हाती लागते. नाहीतर शंभरातला एक लागला असता, मंग माह्यासारख्या दहा म्हाताऱ्या लागल्या असत्या.” त्या हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही.

प्रल्हाद खाली बसला.  “आम्हाला सांगायचं होतं ना ताई. तिघांनी वाटून घेतलं असतं.”

“तिघांचा घास आधीच तळाला लागला होता. त्यातून काढलं असतं तर तुह्या हाताले कापरं सुटलं असतं, अन यान उतरवायचं तुले आहे. हिले रान सांभाळायचं आहे. मी काय करतो? पोळपाट सांभाळतो. पोळपाट कोनीबी सांभाळीन.”

“तुम्ही पहिल्या पिल्लाला अर्धी भाकरी देत होता,” सुगंधा म्हणाली. ती स्वतःशीच हिशोब करत होती, थांबवता येत नव्हता तो. “अर्धं जेवण. आणि मग...”

“ते जाऊ दे.”

“आणि मग मी येऊन विचारलं की दुसरं ठेवू का.”

“सुगंधा, जाऊ दे म्हनलं ना.”

पण ते जाऊ देण्यासारखं नव्हतं. सुगंधा तिथंच खाली बसून ओक्साबोक्शी रडली आणि मंदाताई पिठाळ हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कुणी कुणाची समजूत काढायला हवी होती आणि कोण काढत होतं.

मग सुगंधा उठली आणि तिनं ते केलं ज्याची मंदाताईंना धास्ती होती. डब्यांची झाकणं तिनं लावून टाकली आणि भाकरीचा तुकडा ताईंच्या हातातून काढून त्यांच्याच तोंडाशी धरला. “पिल्लं मरू देत,” ती म्हणाली. “मला पिल्लं नकोत. तुम्ही जेवा.”

“असं नको करू वं. एवढं दिलं ते सारं वाया जाईन.”

“जाऊ दे वाया.”

पृथ्वीवरच्या डॉक्टरांचा सल्ला मागवला. तो यायलाच वेळ लागला, अंतर तेवढं होतं. एकदम खाऊ घालू नका, पातळ पेज द्या, थेंबाथेंबानं वाढवा, असं त्यांनी सांगितलं. सुगंधानं तसंच केलं. आता तिघं एकत्र बसायचे, मंदाताईंना मधे घेऊन, आणि दोघं त्यांच्या प्रत्येक घोटाकडे पाहायचे. ताई पेज प्यायच्या. सुगंधाचं मन राखायला प्यायच्या, आणि मधेच कान देऊन ऐकायच्या. भिंतीपलीकडे रानात पिल्लं ओरडत होती. भुकेचं ओरडणं कसं असतं ते त्या बाईला आयुष्यभर ठाऊक होतं.

“धाकटं आहे ते,” एकदा त्या म्हणाल्या. “मोठ्याचा आवाज जाड आहे.”

सुगंधानं चमचा पुढं केला. ताईंनी तोंड उघडलं.

पण शरीरानं साथ सोडली होती. अन्न पोटात गेलं की हृदय धडपडायचं, डॉक्टरांनी तीच भीती घातली होती. एका सकाळी सुगंधा पेज घेऊन गेली तेव्हा मंदाताई भिंतीकडे तोंड करून, रानाच्या बाजूला कान लावून निजल्या होत्या, आणि त्या उठल्या नाहीत.

यानातून काहीही बाहेर टाकायचं नाही हा नियम होता. त्यांना मोहाच्या झाडाखाली ठेवलं. प्रल्हादनं खड्डा खणला. नर आणि मादी वरच्या फांदीवर बसून पाहत होती. ढोलीतून दोघांचे आवाज येत होते, बारीक झालेले, पण दोन होते.

त्या दिवशी कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सुगंधानं परात घेतली. कोठाराच्या यंत्रानं सवयीप्रमाणे तिघांचं पीठ मापून दिलं होतं आणि तिनंही सवयीप्रमाणे मळलं. भाकऱ्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिसरं ताट कुणाचंच नव्हतं.

शेतकक्षात तिघांची ज्वारी उभी होती. जेवणारे दोघं उरले होते. एका माणसाचं अख्खं जेवण आता रोज मोकळं होतं, पोचेपर्यंत, कुणाच्याही तोंडचं न काढता.

“एका पिल्लाला अर्धं माणूस,” ती प्रल्हादला म्हणाली. “दोघांना एक. ताईंनी अर्धंच जेवण सोडलं असतं तर दुसरं पिल्लू जगलं नसतं. सगळं सोडावं लागणार होतं, आणि तेही अधूनमधून नाही, शेवटपर्यंत. हे त्यांना मी विचारलं तेव्हाच माहीत होतं.”

 

तिनं तिसरी भाकरी उचलली, खतकुंडीमागं गेली आणि डब्यांची झाकणं उघडली. भाकरी कुस्करून तिनं एकेका डब्यात टाकली. रातकिडे तुटून पडले. दहातला एक.

परत आली तेव्हा प्रल्हाद तसाच बसून होता, भाकरीला हात न लावता.

“जेव तू,” ती म्हणाली. “मी जेवते...”

“नाही,” प्रल्हाद म्हणाला. “इथं बस. माझ्यासमोर.”

ती बसली. दोघांनी घास एकाच वेळी मोडला आणि दोघं एकमेकांच्या ताटाकडे पाहत जेवले, शेवटच्या तुकड्यापर्यंत. रानातून पिल्लांचा आवाज येत होता. धाकट्याचा आवाज अजून बारीकच होता.

घास गिळताना सुगंधाला ते स्वयंपाकघर दिसत होतं. परातीत थांबलेले हात. त्या थोड्याशा वेळात मंदाताईंनी अर्धं अधिक अर्धं केलं होतं, आणि बेरीज करून झाल्यावर त्या बरं म्हणाल्या होत्या, आणि सुगंधा आनंदानं त्यांना मिठी मारून अंडं आणायला पळाली होती.